शुद्ध हवेचा सौदा

घर निवडणं ही अवघड गोष्ट आहे असं मला कधीच वाटलं नाही. लोकांनीच ती अवघड करून ठेवलीय! ढीगभर घरं बघायची, प्रत्येक भिंतीवर टकटक करायची, घरी येऊन डोकं धरून बसायचं आणि शेवटी पहिलंच घर घ्यायचं. मूर्खपणा नुसता! माझी पद्धत सोपी. दारात उभं राहून एकदा नाकाने श्वास घ्यायचा, एक नळ सोडून बघायचा, एक खिडकी उघडून बघायची. झालं! पाच मिनिटांचं काम.

आता तुम्ही म्हणाल, ही कोण टिकोजी लागून गेली? तर मी कवळ्या बनवते. दातांच्या. माणसाच्या जबड्याचा साचा नुसता हातात आला की हा माणूस डाव्या बाजूने चावतो, झोपेत दात खातो आणि स्वभावाने हट्टी आहे, एवढं मी चेहरा न बघता सांगते. जिला जबडे वाचता येतात तिला चार भिंती वाचता येणार नाहीत?

तर झालं असं, की मला बढती मिळाली. मोठ्या शहरातल्या दंतरुग्णालयात कवळ्यांच्या विभागाची प्रमुख! आता सगळं बिऱ्हाड हलवायचं. बिऱ्हाड म्हणजे मी, आमचे हे, सासूबाई आणि ऐन चौदाव्या वर्षी जगाला कंटाळलेली आमची लेक. हे घरी बसून वर्तमानपत्रांसाठी शब्दकोडी रचतात. त्यांना जग फक्त उभं आणि आडवं दिसतं, तिरकं म्हणून काही असतं हे त्यांच्या गावीही नसतं. म्हणून तर आमचा संसार टिकलाय.

शहर की उपनगर, यावरून घरात दोन पक्ष पडले. उपनगराच्या पक्षात हे आणि सासूबाई. शहराच्या पक्षात मी. लेक म्हणाली, "मला काहीही चालेल," आणि तोंड असं केलं की काहीच चालणार नाही हे कळावं.

उपनगराबद्दल माझं मत पहिल्यापासून स्पष्ट आहे. उपनगर म्हणजे काय हो? शहराने जेवता जेवता ताटाच्या कडेला काढून ठेवलेलं! धड गाव नाही, धड शहर नाही. तिथला माणूस भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं, "आमच्याकडे हवा चांगली आहे हो!" असेल ना! दुसरं काहीच नाही म्हटल्यावर हवेला मोकळं रानच आहे! ज्या पोराचं कशातच डोकं चालत नाही त्याच्या प्रगतिपुस्तकात मास्तर 'अक्षर सुबक' असं लिहितात, त्यातलाच प्रकार.

"अगं, पण आईच्या गुडघ्यांना बरं पडेल," हे म्हणायचे.

"हवेने गुडघे बरे होत असते तर डॉक्टरांनी फुगे विकले असते!" मी म्हणायची.

वाद घालून उपयोग नव्हता. म्हणून मी बोलणं सोडलं आणि करून मोकळी झाले! 'नवं रुग्णालय बघून येते' असं सांगून एका रविवारी दुपारी एकटीच शहरात गेले. रुग्णालयाच्या समोरच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एक जागा रिकामी होणार होती. भाडेकरू बाहेर गेले होते, मालकानेच दार उघडून दाखवली. श्वास घेतला, ठीक. नळ सोडला, धो धो! खिडकी उघडली, गल्ली इतकी शांत की मांजरसुद्धा चवड्यांवर चालत होतं. खाली एक दुकान होतं, पण त्याचं शटर बंद. मी तिथल्या तिथे होकार देऊन टाकला. बस धरली आणि घरी येऊन साळसूदपणे भाजी चिरायला बसले.

बेत असा होता, की पुढच्या रविवारी ह्यांनी शोधलेलं उपनगरातलं घर बघायला सगळ्यांनी जायचं, मी त्यात मुद्देसूद खोट काढायची, सगळे हिरमुसले की म्हणायचं, 'अगं बाई, मला कुणीतरी शहरातल्या एका जागेबद्दल सांगितलं होतं खरं!' काय चूक होती सांगा या बेतात?

रविवारी निघालो. बस जाते आहे, जाते आहे, जातेच आहे! शहर संपलं, मग इमारती संपल्या, मग बसमधली माणसं संपली. उतरलो तिथे सगळी फाटकं एकसारखी, सगळी कुत्री एकसारखी, आणि कोपऱ्यावर एका बंद दुकानावर 'लवकरच उघडत आहे' अशी पाटी. पाटी गंजली होती!

दलालाला फोन लावला. हा दलाल म्हणजे एक नमुना. त्याचं नाव मी पाचमिनिटे ठेवलं होतं, कारण कधीही फोन करा, तो पाच मिनिटांत पोहोचत असायचा.

"पाचच मिनिटांत पोहोचतो ताई!" पाचमिनिटे म्हणाला. "मालक गच्चीवर पाण्याची टाकी धुतायत. दार उघडंच आहे. तुम्ही घ्या बघून!"

घर बैठं, छोटंसं. समोर अंगण, अंगणात लिंबाचं झाड. मागे कुठेतरी पाण्याचा पंप घरघरत होता. हे तर फाटकातून आत शिरताच गुडघ्यांवर बसले आणि माती हुंगायला लागले! हो, हुंगायला! सासूबाई खिडकीजवळच्या ओट्यावर टेकल्या. लेक नेट येतंय का ते बघायला फोन डोक्यावर धरून रस्त्याने चालत गेली. मी एकटी आत गेले आणि खोट शोधायला लागले. शोधून शोधून थकले हो! भिंती सरळ, फरशी स्वच्छ, खिडक्या लोण्यासारख्या सरकतात. एवढं नीटनेटकं घर बघून माझं डोकंच उठलं.

तेवढ्यात दारात एक जोडपं उभं राहिलं. गृहस्थांच्या दोन्ही कानांत कापसाचे हे एवढाले बोळे! उशी फाटून आतला कापूस बाहेर यावा तसे. मी लगेच मनात त्यांचं बारसं करून टाकलं, कापूसराव. त्यांच्या सौभाग्यवतींचा आवाज असा, की जणू नदीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारतायत.

"मालकीणबाई आपणच का?" कापूसबाई ओरडल्या. "दलालाने आत्ताची वेळ दिली होती!"

म्हणजे पाचमिनिट्याने एकाच वेळी दोन गिऱ्हाइकं बोलावली होती! मी 'नाही हो' म्हणायला तोंड उघडलं. 'ना' बाहेर पडलाही होता. आणि एकदम डोक्यात उजेड पडला. खोट काढायची गरजच काय? हे घर या दोघांच्या गळ्यात मारलं, की उपनगराचा प्रश्नच मिटला!

"ना... नाही कशाला म्हणू! मीच मालकीण! या, बसा!"

मग मी जी सुटले! ह्यांनी आणि सासूबाईंनी महिनाभर माझे कान किटवले होते ना, ते सगळं उलटी टोपली केल्यासारखं त्या दोघांपुढे ओतलं.

"हवा बघा! अशी हवा शहरात बाटलीत भरून विकतील! पहाटे पक्षी उठवतात, तेसुद्धा दारावर टकटक केल्यासारखे, हळूच. शांतता म्हणाल तर पापणी मिटल्याचा आवाज येतो! आणि अंगण! सासूबाईंना अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकून दिली, त्यांच्या चेहऱ्यावर समाधान बघितलं, की मला आयुष्यात दुसरं काही नको!"

शेवटचं वाक्य मी स्वतःच ऐकलं आणि चाट पडले. काय बोलत होते मी! खिडकीबाहेर काहीतरी हललं. सासूबाई ओट्यावरून उठून, डोळे पुसत, गुडघे विसरून ह्यांच्याकडे लगबगीने निघाल्या होत्या. डोळ्यांत कचरा गेला असेल, मी म्हटलं. शुद्ध हवा ना!

"कापूस काढून बघू का गं?" कापूसरावांनी बायकोला हळूच विचारलं.

"काढा!" बाई ओरडल्या.

त्यांनी डावा बोळा काढला. थांबले. मग उजवा काढला. आणि बरोबर त्याच वेळी मागचा पंप बंद झाला. घरात जी शांतता पसरली म्हणता! कापूसरावांचा चेहरा साचा काढताना तोंड उघडून ठेवलेल्या पेशंटसारखा झाला.

"काहीच ऐकू येत नाहीये," ते म्हणाले. त्यांच्या गालावरून एक थेंब ओघळला. "अहाहा! काहीच नाही!"

आता गिऱ्हाईक पटलं म्हटल्यावर चार शब्द जिव्हाळ्याचे बोलायला नकोत? मी विचारलं, "सध्या कुठे राहता आपण?"

"शहरात हो!" कापूसबाई म्हणाल्या. "दंतरुग्णालयासमोरची गल्ली आहे ना, तिथे! तिसऱ्या मजल्यावर!"

मी खुर्ची पुढे ओढली. "खाली... खाली दुकान आहे ते?"

"दुकान? छळछावणी म्हणा! बँडची वाद्यं दुरुस्त करतात. तुतारी दुरुस्त झाली की वाजवून बघणार, ढोल दुरुस्त झाला की बडवून बघणार! त्यात आमचा जिना असा, की तोच एक मोठा कर्णा आहे. दुकानात फुंकलं की आवाज थेट आमच्या दारात!"

"आणि एकाच गाण्याची पहिली ओळ," कापूसराव हुंदका आवरत म्हणाले. "फक्त पहिली. इतकी वर्षं झाली, दुसरी ओळ काय आहे ते आम्हाला कळलेलं नाही."

"पण पाणी?" मी विचारलं. "पाणी तर चांगलं असेल?"

"येतं ना! दुसऱ्या मजल्यापर्यंत! रविवारी तेवढं वर चढतं, खालचे लोक बाहेर जातात म्हणून."

"आणि गॅलरी?"

"ती कबुतरांची आहे," कापूसराव म्हणाले. "आम्ही तिथे कपडे वाळत घालतो, त्यांची हरकत नसेल तेव्हा."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. कापूसबाई मात्र खुशीत आल्या होत्या.

"पण सुटलो आता! कुणीतरी बाई बघून गेली म्हणे मागच्या रविवारी. दुकान बंद होतं ना! पाच मिनिटांत हो म्हणाली! पाच मिनिटांत!"

दोघं एकमेकांच्या अंगावर रेलून हसायला लागली.

"केवढी बावळट असेल हो!" बाई डोळे पुसत म्हणाल्या.

"असेल," मी म्हटलं. "असतात अशी माणसं."

आता सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? खरं सांगितलं असतं? हो, हो, तुम्ही फारच सज्जन! मी ठरवलं, या दोघांना इथून पळवून लावायचं आणि हे घर आपणच घ्यायचं. उपनगर तर उपनगर! निदान इथली हवा वाजत तरी नाही!

"एक सांगायचं राहिलं," मी आवाज खाली आणला. "भिंतींना ओल आहे बरं का."

"आमच्याकडे नळापेक्षा भिंतीत जास्त पाणी आहे," कापूसराव म्हणाले. "चालेल."

"छत गळतं!"

"टप टप असं? हळूच?" त्यांचे डोळे चमकले. "किती छान!"

"साप निघतात!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, जिंकले! कापूसरावांनी विचार केला आणि विचारलं, "साप वाजतो का हो?"

"वाजतो म्हणजे? नाही!"

"मग राहू दे बिचारा!"

तेवढ्यात हे आत आले. गुडघ्यांना माती, हातात कुठूनतरी पैदा केलेलं खुरपं, चेहरा आनंदाने फुललेला. सासूबाईंनी काहीतरी सांगितलं असावं, कारण माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

"हा माळी का?" कापूसबाईंनी मला विचारलं.

हे खुदकन हसले. "आजपासून माळीच समजा!"

"अहो माळी, इथे साप निघतात का?"

"छे! कोण म्हणालं? गांडुळं आहेत! माती अशी भुसभुशीत, की बघत राहावं!" असं म्हणून हे आणखी भुसभुशीत माती आणून दाखवायला पळत बाहेर गेले. याला म्हणतात नवरा! जन्मात कधी वेळेवर येणार नाहीत, आणि आले तर असे येतील!

"बघितलंत?" कापूसबाई नवऱ्याला म्हणाल्या, अर्थात सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने. "बाईंना भाडं वाढवून हवंय, म्हणून भाव खातायत!"

माझा तोल गेला. "भाव नाही हो, खरं सांगतेय! हे घर ज्याने बांधलं ना, तो माणूस ठार वेडा होता! एक भिंत सरळ नाही! काटकोन कशाशी खातात हे त्याला माहीत नव्हतं! डोळे मिटून विटा रचल्यात मेल्याने!"

"अहो नळवाले!" कापूसबाई माझ्या खांद्यावरून बघत ओरडल्या. "तुम्हीच सांगा हो, या मालकीणबाई म्हणतात छत गळतं. खरं का?"

मी मागे वळले. स्वयंपाकघराच्या दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. विजार गुडघ्यांपर्यंत दुमडलेली, अंगावरून पाणी ठिबकतंय, हातात टाकी घासायचा ब्रश. पंप बंद केल्यापासून गच्चीवरच्या माणसाला खालचं अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. पंप चालू असतानाचं, ते सगळं पक्ष्यांचं आणि समाधानाचं, त्यातलं मात्र एकही नाही!

"कोण मालकीणबाई?" म्हातारे शांतपणे म्हणाले. "या घराचा मालक मी. वजनमापे खात्यात आयुष्य गेलं माझं. या घराचा प्रत्येक काटकोन मी स्वतः गुण्या लावून तपासलाय."

मंडळी, अशा वेळी धरणी दुभंगून पोटात घेते असं ऐकलं होतं. पण उपनगरातली धरणी! तिला कुठली एवढी तत्परता!

पुढची मिनिटं मला नीट आठवत नाहीत. कापूसबाई "तोतया! तोतया!" असं ओरडत होत्या. लेक धावत आली आणि म्हणाली, "आई, तू काय केलंस?" जणू मी नेहमीच काहीतरी करते! हे ओंजळभर माती घेऊन उभे. आणि वजनमाप्यांनी ह्यांना विचारलं, "ही बाई तुमची कोण?"

"बायको."

"तुमच्या बायकोने माझ्या घराला नावं ठेवली. ओल काढली, साप सोडले, मला वेडा ठरवलं."

"खोटं आहे!"

हा आवाज सासूबाईंचा होता. त्या दारात उभ्या होत्या. एका हातात लिंबाची फांदी, दुसरा हात कमरेवर. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, सासूबाईंनी माझी बाजू घेतल्याचं मला आठवत नाही. तो मुहूर्त नेमका आज उजाडला!

"साफ खोटं! मी माझ्या कानांनी ऐकलंय! माझ्या सुनेने तुमच्या घराचे असे गोडवे गायले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं! आणि तुम्ही तिच्यावर असले आरोप करता? म्हातारपणी लाज नाही वाटत?"

"आई, जाऊ दे," मी क्षीण आवाजात म्हटलं.

"तू थांब गं! तू गरीब गाय आहेस!" सासूबाई कडाडल्या.

गरीब गाय! हे ऐकून लेकीला ठसका लागला.

"अहो, आम्हीपण ऐकलं!" कापूसबाई मधे पडल्या. "साप म्हणाली ती!"

"तुम्ही तर बोलूच नका! तुम्हाला घर हवंय म्हणून म्हाताऱ्याच्या ताटाखालचं मांजर झालात! आणि तुम्ही हो, वजनमापे! दुसऱ्यांचे तराजू तपासत फिरलात, स्वतःचा काटा कधी तपासलात? वाकडाय तो!"

यापुढे कुठला घरमालक घर देईल? वजनमाप्यांनी आम्हाला ब्रशाने फाटक दाखवलं आणि तिथल्या तिथे घर कापूसरावांना देऊन टाकलं. आम्ही बाहेर पडतोय तोच पाचमिनिटे धापा टाकत येऊन पोहोचला.

"काय ताई! पसंत पडलं ना?"

सासूबाईंनी लिंबाची फांदी त्याच्या दिशेने उगारली. नंतर तो आम्हाला दिसला नाही.

परतीच्या बसमध्ये सासूबाई माझ्याशेजारी बसल्या. माझा हात त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. "वाईट वाटून घेऊ नकोस," म्हणाल्या. "मी तुला इतकी वर्षं ओळखलंच नाही बघ. मला वाटायचं, तुला माझं ओझं होतं." मी खिडकीबाहेर बघत राहिले. आणखी काय करणार? त्या हाताचा तळवा ऊबदार होता आणि मला तो सोडवत नव्हता, हेही खरं.

आणि नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. शहरातला घरमालक! "मग बाई, कधी येताय राहायला?" बसच्या खडखडाटात शब्द कुणाला कळले नाहीत, पण त्याचा आवाज पुढच्या बाकावर बसलेल्या ह्यांच्यापर्यंत गेला.

"कोण गं?"

"एक... एक जागा आहे म्हणतायत. शहरात. पण मला नाही वाटत..."

"घेऊन टाक," हे मायेने म्हणाले. "तुझं मन मोडलंय, मला कळतंय. पण कामावर रुजू व्हायचं आहे. आता कुठलं का घर असेना!"

अशा रीतीने मला जे हवं होतं ते अगदी बिनविरोध मिळालं!

पहिल्या सकाळी तुतारी वाजली तेव्हा हे पलंगावरून उभे राहिले, म्हणजे आडव्याचे एकदम उभे. पहिली ओळ. पुन्हा पहिली ओळ. जिना नुसता घुमत होता. कबुतरांनी गॅलरीतून आमच्याकडे असं बघितलं, की जणू भाडं आम्ही त्यांनाच देणार आहोत. मी उशीखाली डोकं खुपसून पडले आणि कापूस शोधायला लागले.

पण माणसं मोठी विचित्र असतात हो! विशेषतः माझ्या घरची. आठवडा उलटायच्या आत सासूबाई दुकानात जाऊन स्टुलावर बसायला लागल्या. "या तुतारीची सर्दी अजून गेली नाही," असं त्या म्हणाल्या की कारागीर मुकाट्याने पुन्हा खोलून बसायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांकडे त्या एकदा जाऊन आल्या. काय बोलल्या कोण जाणे, पण पाणी वर चढायला लागलं. कबुतरांशीही त्याच बोलल्या असाव्यात, कारण गॅलरी आम्हाला मिळाली. ह्यांना दुकानातून नवे नवे शब्द मिळायला लागले, त्यांची कोडी इतकी अवघड झाली की वाचकांची तक्रारपत्रं आली. हे खूश! आणि जगाला कंटाळलेली आमची लेक चक्क क्लॅरिनेट शिकायला लागली. एक दिवस तिने त्या गाण्याची दुसरी ओळ वाजवली आणि सगळी गल्ली थांबून ऐकत राहिली!

मी? मी कामावरून गल्ली ओलांडून जेवायला घरी यायची. गरम जेवायची. गॅलरीत उभी राहून खालची गर्दी बघायची आणि मनात म्हणायची, बघा, होती की नाही माझी निवड बरोबर?

मनात हं. मोठ्याने नाही. कारण मधूनच सासूबाई विचारायच्या, "आठवण येते का गं त्या घराची?" मग मी एक उसासा टाकायची. उसाशाला काय लागतं! त्या माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या, ताटात जास्तीची पोळी वाढायच्या. उसाशांनी मला काय काय मिळालं म्हणून सांगू! सकाळचा चहासुद्धा हातात मिळायला लागला. मग मी उसासे वाढवले. माणूस हावरट असतो.

परवा कामावरून घरी आले, तर तिघंही टेबलाभोवती गंभीर होऊन बसलेली. क्लॅरिनेट पेटीत बंद.

"बस," सासूबाई म्हणाल्या. "मी आज जाऊन आले."

"कुठे?"

"त्या वजनमाप्यांकडे. एकटी गेले, बसने. माफी मागितली त्यांची."

सासूबाईंनी माफी मागितली! आयुष्यात त्यांनी कुणाची माफी मागितली नव्हती. एकदा त्यांचा पाय कुणाच्या पायावर पडला, तर त्याच माणसाला त्यांनी माफी मागायला लावली होती!

"ते कापसाचे बोळे गेले घर सोडून," त्या पुढे म्हणाल्या. "तिथे त्यांना झोपच लागेना म्हणे. फार शांत आहे, म्हणतात! असली माणसं! तर घर रिकामं आहे. आणि ते आपल्याला द्यायला तयार आहेत."

"पण... पण इथे सगळं..."

"आमची काळजी करू नकोस," हे म्हणाले. "आम्हाला इथे आवडतं, खोटं कशाला बोलू? पण तुझे उसासे आता ऐकवत नाहीत गं."

"मी क्लास सोडलाय," लेक म्हणाली. "सरांना सांगून आले. आई, तू आजीसाठी एवढं केलंस. मग मी एवढंही नको करायला?"

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं! मी तोंड उघडलं. समोर सासूबाई बसल्या होत्या. त्या लांबच्या बसच्या धक्क्यांनी गुडघे सुजलेले, ते दोन्ही हातांनी दाबत, माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी त्यांच्याच पोटची पोर.

मी तोंड मिटलं. खाली दुकानात कुणीतरी तुतारीवर पहिली ओळ वाजवली आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. थांबेचना!

"बघ, बघ!" सासूबाई ह्यांच्या दंडाला धरून म्हणाल्या. "म्हटलं नव्हतं मी? किती आनंद झालाय तिला!"